लांब ए-आर्म आणि लांब शॉक: एटीव्हीच्या चाकाचा ट्रॅव्हल नेमका किती वाढतो?

माळरान
स्पोर्ट एटीव्ही (रानावनात चालवायची हँडलवाली चारचाकी) आहे. पुढे डबल ए-आर्म (चाक चासीला जोडणारे वरचा आणि खालचा असे दोन दांडे), मागे स्विंगआर्म (मागचा अ‍ॅक्सल धरणारा, वर-खाली झुलणारा दांडा) आणि एकसंध अ‍ॅक्सल. पुढचे आर्म दोन्ही बाजूंना ५० मिमी लांब घालायचे आहेत. कोणी सांगतं, आर्म लांब म्हणजे ट्रॅव्हल (चाक वर-खाली जायचं अंतर) आपोआप जास्त. कोणी सांगतं, ट्रॅव्हल शॉकच (धक्के झेलणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) ठरवतो, आर्मने फक्त रुंदी वाढते. खरं काय?

मापं अशी: चासीवरच्या पिव्होटपासून (आर्म जिथे फिरतो तो सांधा) बॉल जॉइंटपर्यंत (चाकाकडचा सांधा) खालचा आर्म ३५० मिमी. शॉकचा खालचा बोल्ट पिव्होटपासून २२० मिमीवर. शॉक भोक ते भोक ४०० मिमी, स्ट्रोक (शॉक दबायचं अंतर) १२५ मिमी, स्प्रिंग २५ न्यूटन प्रति मिमी. ट्रॅव्हलच्या मध्यावर शॉक आणि आर्म यांच्यात साधारण ६० अंशांचा कोन येतो.

मूळचे शॉक ठेवून नुसते आर्म बदलले तर काय हाती लागेल? आणि सोबत आणखी काय काय बदलावं लागेल?

चौचाकी
ट्रॅव्हल वाढतो. पण त्याची किंमत स्प्रिंग मोजते. सविस्तर कोणीतरी लिहीलच, वाट बघतोय.

तरफ
मापं दिलीत हे फार बरं केलंत, नाहीतर असे धागे नुसत्या मतांवर चालतात.

सगळा खेळ मोशन रेशोचा आहे. चाक १ मिमी वर गेलं की शॉक किती मिमी दबतो, तो आकडा. तुमच्या गाडीत आत्ता २२० भागिले ३५० म्हणजे ०.६२९. शॉक तिरका असल्यामुळे त्याला ०.८६६ ने गुणायचं (६० अंशांची साइन), येतात ०.५४४. शॉकचा स्ट्रोक १२५, म्हणून चाकाचा ट्रॅव्हल १२५ भागिले ०.५४४, म्हणजे सुमारे २३० मिमी.

आता आर्म ४०० मिमी करा आणि शॉकचा बोल्ट २२० वरच ठेवा. मोशन रेशो ०.४७६ होतो आणि ट्रॅव्हल सुमारे २६२ मिमी. शॉकला हात न लावता ३२-३३ मिमी वाढ. त्यामुळे 'आर्मने फक्त रुंदी वाढते' हे चूक आहे.

पण हे ३३ मिमी वर-खाली सारखे वाटले जात नाहीत. शॉक आर्मला ज्या दोन कोनांत अडवतो ते कोन तेच राहतात. समजा चाक पूर्ण लटकलं की बॉल जॉइंट पिव्होटच्या १५७ मिमी खाली असतो आणि पूर्ण दाबलं की ७२ मिमी वर. लांब आर्मने हेच १८० खाली आणि ८२ वर होईल. म्हणजे २३ मिमी खालच्या बाजूला मिळाले, वर फक्त १०. आणि वरचे १० मिमी म्हणजे चासीचा तळ जमिनीच्या १० मिमी आणखी जवळ. टायर दबतो तेही धरा. मूळ गाडीत तळपत्रा जमिनीला जेमतेम चुकत असेल, तर लांब आर्मवर तो आपटणार.

ग्रीसगन
तरफ यांना अनुमोदन. चौचाकी ज्या किमतीबद्दल बोलले तिचा हिशेब असा.

चाकाला जाणवणारा कडकपणा मोशन रेशोच्या वर्गाने बदलतो, सरळ प्रमाणात नाही. आत्ता २५ गुणिले ०.५४४ चा वर्ग, म्हणजे चाकापाशी ७.४ न्यूटन प्रति मिमी. लांब आर्मवर तीच स्प्रिंग ५.७ देते. सुमारे २३ टक्के मऊ. पूर्वीचा कडकपणा परत हवा असेल तर स्प्रिंग ३२.७ च्या आसपासची लागेल.

डॅम्पिंगचंही (शॉकमधलं तेल हालचालीला करतं त्या अडथळ्याचंही) तेच. तेही वर्गानेच घटतं. म्हणून मूळच्या शॉकवर लांब आर्म घातले की पहिली तक्रार 'गाडी मऊ झाली' ही असते आणि दुसरी 'उडी मारल्यावर तळ लागतो' ही. क्लिकर (शॉकवरचे डॅम्पिंग जमवायचे स्क्रू) तीन-चार घर कसले की थोडं सावरतं, पण पिस्टनवरच्या शिम (तेलाची वाट अडवणाऱ्या पातळ चकत्या) वेगळ्या ताकदीला बसवलेल्या असतात. क्लिकर मुख्यतः हळू हालचालीवर काम करतो. दगडावरून वेगात जाताना तेल शिममधूनच जातं, तिथे क्लिकरचा जोर चालत नाही.

घाटवाट
नवीन स्प्रिंग कशाला? प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा) नट चार-पाच वेढे कसायचा. उंची परत येते, गाडी कडक होते. बहुतेक लोक हेच करतात आणि त्यांचं चालतं.

तरफ
@घाटवाट, उंची परत येते हे खरं. कडक होते हे खरं नाही.

प्रीलोड १० मिमी वाढवला तर २५ ची स्प्रिंग सुरुवातीलाच २५० न्यूटन जास्त ढकलते. चाकापाशी ते सुमारे ११९ न्यूटन. पण हे २५० न्यूटन स्ट्रोकच्या सुरुवातीला जेवढे तेवढेच शेवटीही. प्रत्येक मिमीला लागणारा जोर २५ च राहतो. उलट ३२.७ ची स्प्रिंग १२५ मिमी दबल्यावर सुमारे ९६० न्यूटन जास्त देते. उडीवरून उतरताना वाचवतात ते हे शेवटचे ९६०.

शिवाय प्रीलोड चढवल्याने स्वार बसल्यावर चाक खाली लटकायला जी जागा उरते ती कमी होते. लांब आर्मने कमावलेले २३ मिमी होते खालच्याच बाजूचे, तेच यात जातात. खाचखळग्यात टायर जमीन सोडतो आणि पुढचं चाक चावत नाही.

घाटवाट
२५० आणि ९६० हे शेजारी ठेवल्यावर मुद्दा पटला. तरी एक विचारतो. स्प्रिंग ३२.७ ची घातली आणि शॉक आतून तसाच ठेवला तर?

ग्रीसगन
मग रिबाउंड (शॉक परत उघडताना आवरणारं डॅम्पिंग) कमी पडतो. कडक स्प्रिंग जास्त जोराने उलटते, तिला आवरणारं डॅम्पिंग मात्र जुन्या स्प्रिंगचं. उडी घेताना पुढचा भाग वर फेकला जातो, आणि एकामागोमाग एक उंचवटे असतील तर गाडी डोलत राहते. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की रिबाउंडच्या शिमही बदलाव्यात. हे काम शॉक उघडून करायचं असल्यामुळे ज्याच्याकडे नायट्रोजन भरायची सोय आहे त्याच्याकडूनच करून घ्यावं. शॉकच्या टाकीत दाबाखाली वायू असतो. दाब सोडल्याशिवाय झाकण उघडायला गेलं तर ते अंगावर उडतं.

पाना_१४
रुंदीच हवी असेल तर व्हील स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी जाड चकती) लावा की. आर्म, शॉक, टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) कशालाच हात लावायला नको.

तरफ
स्पेसरने ट्रॅव्हल वाढत नाही. डबल ए-आर्ममध्ये नकल (हब धरणारा भाग) वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमध्ये धरलेली असते, त्यामुळे बॉल जॉइंट जेवढा वर जातो जवळपास तेवढंच चाक वर जातं, मग ते हबपासून कितीही बाहेर असो. मोशन रेशो जवळपास तोच राहतो.

बिघडतो तो स्क्रब रेडियस. टायरचा मध्य स्टिअरिंगच्या अक्षापासून बाहेर सरकतो, आणि एका चाकाला दगड लागला की हँडल हातातून ओढलं जातं. व्हील बेअरिंगवरचा भारही वाढतो. मागच्या एकसंध अ‍ॅक्सलला स्पेसर एक वेळ चालतो. पुढे नको.

चौचाकी
रुंदीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सहसा कोणी मोजत नाही. रुंद गाडी वळणावर कमी कलते असं आपण धरून चालतो. रोलचा (बाजूला कलण्याविरुद्धचा) कडकपणा चाकापाशी मिळणारा स्प्रिंगचा जोर आणि रुंदीचा वर्ग या दोन्हींच्या प्रमाणात असतो. समजा दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर ११७० वरून १२७० झालं. रुंदीच्या वर्गामुळे फायदा १.१८ पट. पण जुनीच स्प्रिंग असल्यामुळे चाकापाशी उरलं ०.७७ पट. गुणाकार ०.९. म्हणजे १०० मिमी रुंद होऊनही पुढचा रोलचा कडकपणा १० टक्के घटला.

उलटण्याचा धोका कमी होतो, कारण वजन बाहेरच्या चाकावर कमी सरकतं. पण वळणात बाहेरची बाजू जास्त बसते. अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंचे आर्म जोडून कलणं कमी करणारा दांडा) असेल तर त्याचा परिणामही याच हिशेबाने घटतो, कारण त्याची लिंक आर्मवर पूर्वीच्याच जागी असते.

माळरान
हे सगळं वाचून वाटतंय की आर्म आणि शॉक एकत्रच बदलावेत. लाँग ट्रॅव्हल म्हणून जे शॉक मिळतात ते मूळच्या आर्मवर बसतील का? म्हणजे आधी शॉक घ्यायचे, आर्म नंतर.

ग्रीसगन
उलट्या क्रमाने करू नका. हे सगळ्यात महागात पडतं.

लांब शॉक नुसता स्ट्रोकने लांब नसतो. तुमचा ४०० चा शॉक पूर्ण दबल्यावर २७५ होतो. समजा लांब शॉक ४५० चा आहे आणि स्ट्रोक १५५. तो दबल्यावर २९५ चा राहतो. मूळच्या बोल्टांवर बसवला तर वरच्या बाजूला शॉक २० मिमी आधीच थांबेल, म्हणजे चाकाचा वर जायचा ट्रॅव्हल साधारण ३७ मिमीने गेला. खालच्या बाजूला ५० मिमी जास्त, म्हणजे चाक ९० मिमीच्या आसपास आणखी लटकणार. एवढं लटकायला बॉल जॉइंट फिरतच नाही. त्याची मान कपाच्या कडेला टेकते आणि दर उडीला शॉकऐवजी बॉल जॉइंट आर्मला अडवतो. मान तिथेच तुटते. गाडी उंच दिसेल, चालवायला वाईट होईल.

शॉक घेताना नुसती लांबी आणि स्ट्रोक विचारू नका. पूर्ण दबलेली लांबी विचारा. बंप स्टॉपचं (शॉक पूर्ण दबताना जिथे टेकतो ते) रबर किती जाड आहे तेही.

तरफ
आणि लाँग ट्रॅव्हलच्या आर्मवर शॉकचं माउंट मुद्दाम बाहेर आणि खाली घेतलेलं असतं, तिथेच खरी गंमत आहे. तुमच्याच आकड्यांवर बघा. आर्म ४००, माउंट २२० ऐवजी २७० वर, कोन तोच. मोशन रेशो ०.५८५. मूळचा १२५ स्ट्रोकचा शॉक या माउंटवर बसवता आला असं धरलं, तर ट्रॅव्हल २१४ मिमी. मूळच्या गाडीपेक्षा कमी! १५५ स्ट्रोकचा शॉक घातला की २६५.

म्हणजे नुसत्या लांब आर्मने २६२ आणि लांब आर्म अधिक लांब शॉक मिळून २६५. कागदावर फरक ३ मिमीचा. मग एवढा खटाटोप कशासाठी? तोच ट्रॅव्हल आता १२५ ऐवजी १५५ मिमी स्ट्रोकवर पसरला, यासाठी. चाकावर ३००० न्यूटन आले तर पहिल्या मांडणीत शॉकच्या बोल्टावर ६३०० न्यूटन येतात, दुसऱ्यात सुमारे ५१३०. बुश, माउंटची वेल्डिंग, शाफ्ट सगळ्यांवरचा ताण कमी. पिस्टन जास्त अंतर चालतो, त्यामुळे व्हॉल्व्हिंग (आतल्या तेलाच्या वाटांची जुळणी) बारकाईने जमवता येतं. लहान खड्ड्यातही शॉक जागा होतो. आणि स्प्रिंग उलट मऊ लागते: मूळचा ७.४ मिळवायला २१.७ पुरे.

त्यामुळे लाँग ट्रॅव्हल किट घेतल्यावर टेपवर ट्रॅव्हल फारसा वाढलेला दिसला नाही तर फसवणूक झाली असं समजू नका. चांगल्या स्पोर्ट गाड्या मुळातच पुष्कळ ट्रॅव्हल घेऊन येतात. यामाहाच्या वायएफझेड४५०आर ला पुढे ९.८ इंच आहे, म्हणजे जवळजवळ २५० मिमी. तळपत्रा, बॉल जॉइंट आणि टायर यांच्या मर्यादेत त्यावर फार चढवायला जागाच नसते.

पाना_१४
एक शंका. कोन ६० अंश धरला तो मध्यावरचा. टोकाला तो बदलतो ना?

तरफ
बदलतो, आणि चांगलाच. चाक लटकलेलं असताना कोन लहान असतो, वर जाताना तो ९० कडे सरकतो. म्हणून मोशन रेशोही वाढत जातो आणि शेवटच्या टप्प्यात चाकाला स्प्रिंग कडक जाणवते. हे हवंच असतं. वरचे आकडे अंदाजासाठी आहेत. खरेदीआधी गाडीवर मोजावं.

मोजायची रीत: गाडी चासीखाली घोडी लावून पक्की उचला, पुढची चाकं अधांतरी. शॉक काढा, स्प्रिंग उतरवा, नुसता शॉक परत लावा. आर्मखाली जॅक ठेवून चाक पूर्ण खालून वर घेत जा. हबच्या मध्याची जमिनीपासून उंची आणि शॉकच्या दोन बोल्टांमधलं अंतर, दोन्ही दर २० मिमीला लिहा. शॉकच्या लांबीतला फरक भागिले उंचीतला फरक, हा त्या टप्प्याचा मोशन रेशो. हा तक्ता हातात असला की शॉक जमवणारा नेमकी स्प्रिंग सांगू शकतो.

ग्रीसगन
स्प्रिंग उतरवलेलीच आहे तर नवे आर्म लावल्यावर त्याच वेळी बाकीचं तपासा. हे न तपासता पहिल्याच दिवशी गाडी पळवणारे फार.

ब्रेकची नळी आधी. चाक पूर्ण लटकवा आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवा. नळी ताणली जाता कामा नये. ५० मिमी लांब आर्मला मूळची नळी बहुतेक वेळा पुरत नाही. आणि ती सुटते कधी? उडीत, चाक लटकलेलं असताना. म्हणजे उतरल्यावर ब्रेक नाही. नळी लांबच घ्या आणि आर्मच्या वरून अशी न्या की वर जाताना ती शॉकच्या स्प्रिंगमध्ये अडकणार नाही.

टाय रॉडही तेवढाच लांब हवा. मूळच्या टाय रॉडचा एंड बाहेर काढून भागवू नका. लॉक नटच्या आत आट्या किमान बोल्टच्या व्यासाच्या दीडपट उरायला हव्यात.

घाटवाट
टाय रॉड लांब घातल्यावर बंप स्टिअर येत नाही का?

चौचाकी
लांबी जुळली तर नाही. टाय रॉडचा आतला सांधा, खालच्या आर्मचा आतला पिव्होट आणि वरच्या आर्मचा आतला पिव्होट समोरून पाहिल्यावर एका रेषेत यावेत. बाहेरच्या तीन सांध्यांचंही तसंच. मग तिन्ही कमानी जुळतात आणि चाक वर-खाली होताना स्वतःहून वळत नाही. आर्म ५० ने लांब आणि टाय रॉड जुनाच ओढून २० ने लांब, असं असेल तर त्या कमानी जुळणार नाहीत. सरळ रस्त्यावर उंचवटा आला की हँडल हलतं ते यामुळे.

तपासायला सोपं आहे. हँडल मध्यात बांधून टाका. चाकाला सरळ पट्टी बांधा, पट्टीच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून चासीच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर दर ३० मिमी उंचीला मोजा. ट्रॅव्हलच्या मधल्या भागात एक-दोन मिमीपलीकडे फरक पडू नये.

डबकं
माझ्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढत नाही. फोर-व्हील ड्राइव्ह युटिलिटी एटीव्हीला लांब आर्म घातले तर?

ग्रीसगन
तिथे मर्यादा शॉकची नसून सीव्ही जॉइंटची (अ‍ॅक्सलचा वाकूनही फिरणारा सांधा) असते. अ‍ॅक्सल आर्मएवढाच लांब हवा. लांब अ‍ॅक्सलचा एक फायदा असा की तेवढ्याच ट्रॅव्हलला सांध्याचा कोन कमी होतो. नुसता लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) लावून मूळचे अ‍ॅक्सल ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. लिफ्टमध्ये सांधा कायमच वाकलेला राहतो आणि त्यावरचे रबरी बूट फाटतात.

तपासणी: चाक पूर्ण लटकलेलं, हँडल टोकाला, आणि चाक हाताने फिरवा. कुठेही अटकलं किंवा कटकट आवाज आला तर सांधा कोनाच्या टोकाला पोचलाय. मग लिमिट स्ट्रॅप (चाक ठरावीक मर्यादेखाली लटकू न देणारा पट्टा) लावा. आर्मवर जितका बाहेर बांधता येईल तितका बाहेर. पट्टा ताणाखाली थोडा लांबतो, म्हणून सांधा अटकायच्या बऱ्यापैकी आधी तो ताठ होईल असा बसवा. वर पूर्ण दाबल्यावर अ‍ॅक्सल आतल्या जॉइंटमध्ये तळाला टेकत नाही ना, हेही बघा. टेकला तर पहिल्या मोठ्या धक्क्याला डिफरन्शियलची केसिंग फुटते.

डबकं
धन्यवाद. लिमिट स्ट्रॅपचं डोक्यातच नव्हतं.

पाना_१४
आणि मागचं काय? पुढे एवढं केल्यावर मागे मूळचंच ठेवायचं?

चौचाकी
मागे रुंद अ‍ॅक्सल घालतात, ट्रॅव्हल तोच राहतो. स्विंगआर्म लांब केला तर हिशेब पुढच्यासारखाच: ट्रॅव्हल वाढतो, मूळची स्प्रिंग मऊ जाणवते, फक्त मध्ये लिंकेज (स्विंगआर्म आणि शॉक जोडणारे दुवे) असतं. चढावर पुढचं उचलणं कमी होतं, पण गाडी वळायला जड होते. साखळीचंही बघायला लागतं. ५२० साखळीची पिच १५.८७५ मिमी. अ‍ॅक्सल ५० मिमी मागे गेला की साखळी १०० मिमी जास्त हवी. सहा कड्यांत ९५ मिमी मिळतात, उरलेलं अ‍ॅडजस्टर सावरतो. साखळीची ढील मात्र पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आणून तपासा, कारण तिथे ती सगळ्यात ताठ असते. गाडी उभी असताना बरोबर वाटणारी ढील तिथे संपलेली असू शकते.

माळरान
मूळ प्रश्नाकडे येतो. आर्म आणि शॉक एकदमच घेतो. अडचण एकच, शॉक यायला वेळ लागणार आहे. तोवर आर्म मूळच्या शॉकवर चालवता येतील का?

तरफ
कोणते आर्म, त्यावर आहे. माउंट २२० वर ठेवणारे असतील तर ३२-३३ ची स्प्रिंग घालून, उड्या टाळून चालेल. लाँग ट्रॅव्हलचे, माउंट २७० वर आणि खाली घेतलेले असतील तर मुळीच नाही. तिथे ४०० चा शॉक तोकडा पडतो. बोल्ट ओढून बसवलाच तर गाडी खूप खाली बसेल, आणि पूर्ण दबल्यावर शॉक थांबायच्या आधी तळपत्रा जमिनीला लागेल.

ग्रीसगन
शॉक आल्यावर स्वारासकट सॅग (वजनाने गाडी जितकी खाली बसते ते अंतर) एकूण ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्क्यांवर जमवा. २६५ वर ते ८० मिमीच्या आसपास येतं. चाक पूर्ण लटकवून उंची घ्या, मग स्वार बसवून गाडी दोन-तीनदा दाबून सोडा आणि परत घ्या. सॅग जमवायला प्रीलोडचे फार वेढे लागले तर स्प्रिंग मऊ आहे, प्रीलोड जवळजवळ सोडूनही गाडी बसत नसेल तर कडक आहे.

उंची ठरल्यावरच कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं). आधी केलेलं सगळं वाया जातं, कारण उंची बदलली की दोन्ही बदलतात. पुढून टो-इन ३ ते ६ मिमी, हँडल मध्यात बांधून.

शॉकच्या शाफ्टवर एक पातळ केबल टाय हलक्या हाताने बांधा. फेरी मारून आल्यावर तो जिथे सरकलाय तिथपर्यंत शॉक दबला. नेहमीच्या वाटेवर शेवटचे १०-१५ मिमी शिल्लक राहिले आणि मोठ्या उडीतच संपले तर स्प्रिंग बरोबर आहे. प्रत्येक फेरीत बंप स्टॉपला टेकत असेल तर आधी कम्प्रेशन (शॉक दबतानाचं डॅम्पिंग) दोन घर कसा. तरी टेकला तर पुढची कडक स्प्रिंग.

माळरान
ठीक. शॉक मागवायच्या आधी स्प्रिंग उतरवून दर २० मिमीचा तक्ता करतो आणि इथेच टाकतो. तळपत्रा आणि जमीन यांच्यातलं अंतरही सोबत देतो.

तरफ
ते अंतर टायरमधली हवा नेहमीच्या दाबाला ठेवून घ्या. आणि तक्ता दोन्ही बाजूंचा करा. आर्म वाकलेला असला किंवा चासीवरचं माउंट सरकलेलं असलं तर डाव्या-उजव्या आकड्यांतच ते आधी दिसतं.